चौकटीतलं नाव

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, फळ्यावर दुसऱ्यांच्या गोष्टी लिहायच्या असतात. फळ्यानेच आपली गोष्ट सांगायला घेतली तर ती कुणाला ऐकावीशी वाटेल की नाही, याची मला खात्री नाही. शिवाय मी बोलण्यात कधीच पटाईत नव्हतो. माझं सगळं आयुष्य भिंतीला पाठ लावून गप्प राहण्यात गेलं. पण गेली दोन वर्षं मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आहे. समोर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत, बाजूला एक पाय नसलेली खुर्ची आहे, आणि आमचं आपसात फारसं बोलणं होत नाही. तेव्हा जमेल तसं सांगतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळ आमचं गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही. माझ्यामुळे त्याला एकदा पुरेसा त्रास झाला आहे. तिथे निम्मी घरं आत कन्नड बोलतात आणि एसटीच्या थांब्यावर मराठी. जमीन हलकी. ज्वारी पावसाच्या भरवशावर, आणि पावसाचा भरवसा नाही. माघ सरला की विहिरींचा तळ दिसतो आणि टँकरची वाट बघणं सुरू होतं.

माझा जन्म एका पेटीतून झाला. आमच्या गावचे आकाराम, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, पंधरा वर्षं पलटणीत कारकून होते. निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी सामानाची मोठी लाकडी पेटी आणली. गावात वाचनालय निघालं आणि ते सांभाळायचं काम तात्यांकडे आलं. फळा विकत आणायची ऐपत वाचनालयाची नव्हती. तात्यांनी पेटी मोडली, फळ्या रंधून घेतल्या, जोडल्या. शाळेतल्या पोरांनी संपलेल्या सेलमधला काळा भुगा आणि भोपळ्याचा पाला कुटून मला फासला. तीन दिवस मी उन्हात वाळत होतो. माझ्या पाठीवर मात्र कुणी रंग लावला नाही. तिथे पांढऱ्या अक्षरात तात्यांचं नाव आणि पलटणीतला नंबर अजून आहे. सामान हरवलं तर कुणाचं ते कळावं म्हणून पलटणीत असं लिहितात. मला वाटतं, ती चांगली पद्धत आहे.

मला वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर टांगलं. माझ्याखाली दगडी कट्टा होता. रोज सकाळी आठला तात्या हात धुऊन यायचे आणि लिहायचे. वर तारीख. मग देशाची एखादी बातमी, बाजारातला ज्वारीचा भाव, शाळेची सूचना. खाली टँकर. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी तात्यांनी खुणा ठरवल्या होत्या. टँकर येणार असेल तर गोल. नसेल तर फुली, जितके दिवस नाही तितक्या. आणि गावात कुणी गेलं तर उजव्या अंगाला चौकट काढून आत नाव. बायका डोक्यावर रिकामी घागर घेऊन लांबूनच माझ्याकडे बघायच्या. गोल दिसला तर चाल भरभर व्हायची. चौकट दिसली की घागर खाली ठेवून विचारायच्या, कोण गेलं. मग पाणी राहायचं बाजूला आणि सगळ्या त्या घराकडे वळायच्या. माझ्यावरच्या चौकटीमुळे गावातलं कुठलंही घर दुःखात एकटं राहिलं नाही. मला अभिमान वाटावा असं माझ्याकडे एवढंच होतं.

चौकटीसाठी तात्यांचा एक नियम होता. कुणीही येऊन सांगितलं तरी ते लगेच लिहीत नसत. आधी त्या घराच्या दारापर्यंत जाऊन येत आणि मगच खडू उचलत. एकदा एका घाईच्या माणसाने त्यांना हटकलं, "आवं तात्या, मी काय खोटं सांगतोय व्हय?" तात्या चप्पल घालत म्हणाले, "तू खरंच सांगतोयस. पण लिवणार मी हाय न्हवं? मग बघून याया पायजे मी."

तेव्हाही लोक एकमेकांना घाण बोलत, मित्रांनो. आधीचा काळ फार चांगला होता असं मी म्हणणार नाही, कारण मी त्या काळात भिंतीवर होतो. गावात पहिल्यांदा बाई सरपंच झाली, त्या वर्षी कुणीतरी पहाटे येऊन माझ्यावर कोळशाने तिच्याबद्दल लिहून गेलं. काय लिहिलं होतं ते मी सांगणार नाही. तात्यांनी ते पुसलं नाही. वर गोणपाट टाकलं आणि कट्ट्यावर बसून राहिले. जो तो येई, गोणपाट उचलून बघे, आणि मान हलवून जाई. अक्षर ओळखीचं होतं. एवढ्याशा गावात कुणाचं अक्षर उजवीकडे कलतं हे सगळ्यांना माहीत असतं. दुपारनंतर तो माणूस स्वतःच आला. तात्यांनी त्याला ओलं फडकंसुद्धा दिलं नाही. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने मला पुसायला घेतलं. कोळसा लवकर निघत नाही. तो अर्धा तास घासत होता आणि लोक कट्ट्यावर चहा पीत होते. तेवढ्यात सरपंचबाई रस्त्याने चालल्या होत्या. त्या थांबल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "कोपऱ्यात राह्यलंय बघा जरा." आणि पुढे गेल्या. पुढची पाच वर्षं त्या माणसाने त्यांच्याबद्दल वावगा शब्द काढला नाही.

ज्याने लिहिलं त्याने आपल्या हाताने, आपल्या कापडाने पुसायचं, हा तेव्हापासून गावाचा रिवाज झाला.

इंटरनेट म्हणजे काय हे मला नीट समजलेलं नाही. कट्ट्यावर बसून लोक फोनमधलं मोठ्याने वाचतात, तेवढंच मी ऐकतो. पण ते माझ्यापर्यंत पहिल्यांदा कसं आलं ते मला आठवतं. तेरा सालचा दुष्काळ होता. माझ्यावर नऊ फुल्या झाल्या होत्या, म्हणजे नऊ दिवस टँकर नव्हता. शाळेतल्या निमिष सरांनी माझा फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. सर वाईचे. नवीनच नोकरीला लागलेले आणि दर शनिवारी घरी जायला उत्सुक. त्या शनिवारी ते गेले नाहीत. फोटोखाली लोक काय लिहितात ते कट्ट्यावर बसून वाचून दाखवत राहिले. कुणी पुण्यातून विचारलं होतं, गाव कुठे आलं. कुणी सातारचा माणूस आपला फोन नंबर देऊन मदत करू म्हणाला होता. जतमधल्या कुणी लिहिलं होतं की मी सोमवारी कचेरीत जाऊन विचारतो, आणि तो खरोखर गेला. अकराव्या दिवशी टँकर आला. घागरी भरल्यावर बायका माझ्यासमोर उभ्या राहून हसल्या. मी पुण्यात दिसलो याचं त्यांना फार नवल वाटलं होतं.

तेव्हाही एकाने फोटोखाली शिवी दिली होती. पण त्याचं नाव होतं, फोटो होता, इस्लामपूरचा पत्ता होता. सरांनी त्याला लिहिलं, "तुमच्या घरी नळाला पाणी किती वाजता येतं?" दुसऱ्या दिवशी त्याने शिवी काढून टाकली.

त्या गर्दीत तेरा वर्षांची अंकिता असायची. बनुबाईची मुलगी. बनुबाईचा नवरा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडे निघायचा आणि आखाडात परत यायचा, त्यामुळे घरात मायलेकी दोघीच. रोज सकाळी मला पुसायचं काम अंकिताने आपण होऊन घेतलं होतं. तिचा हात कोपऱ्यांपर्यंत जायचा. बाकीची पोरं मधेच पुसून पळायची. सर म्हणायचे ही मुलगी शिकेल. बनुबाई म्हणायची, "शिकंल की. पर पाणी कोण आणंल तवर?"

अंकिता शिकली. सांगलीला कॉलेजात गेली, वसतिगृहात राहू लागली. मधल्या वर्षांत माझ्याभोवती बरंच काही बदललं. आधी सर एकटे फोटो काढायचे, मग कुणीही काढू लागलं. लोक माझ्यासमोर थांबेनासे झाले. गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, तो वीरधवल नावाचा तरुण चालवायचा. तो वाईट मुलगा नव्हता. हसतमुख होता, कुणाच्या घरी आजारपण आलं तर स्वतःची गाडी काढायचा. पण सारखा फोनमध्ये असायचा. त्याच्याकडून मी ऐकलं की आता पाण्यासाठीसुद्धा फोनवरच बोटाने सही करतात आणि एका दिवसात लाखभर सह्या होतात. तात्यांनी विचारलं होतं, "मग त्या लाखातला कोण जाऊन विचारतो?" वीरधवल म्हणाला, "विचारायला कशाला जायाचं तात्या? पोचतंच की." ते कुठे पोचतं ते तात्यांना कळलं नाही. मलाही नाही.

एकदा त्याने तात्यांना फोनवर माझाच फोटो दाखवला. कट्टा माझा, भिंत माझी, कडेला पडलेली भेगही माझी. पण माझ्यावर जी ओळ होती ती माझ्यावर कधी कुणी लिहिलीच नव्हती. कुणाला तरी शिव्या होत्या. तात्या फोन घेऊन माझ्याजवळ आले, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ह्ये कवा लिवलं कुणी?" ते पुटपुटले. मित्रांनो, आपल्या अंगावर नसलेली अक्षरं आपल्या तोंडी घातलेली बघणं फार विचित्र असतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण फळ्याला ते येत नाही.

नंतर अंकिताने सांगलीत बसून 'आज टँकर' नावाचं पान सुरू केलं. तात्या रोज सकाळी माझा फोटो काढून तिला पाठवायचे आणि ती तो टाकायची. गोल किंवा फुली, बस्स. मग आजूबाजूच्या गावांतूनही फोटो येऊ लागले. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिने पहिल्यांदा स्वतः समोर येऊन बोलून दाखवलं. कागदावर आमच्या गावाला टँकरच्या रोज चार खेपा होत्या आणि माझ्यावर आठवड्यात दोन गोल होते. ती एवढंच बोलली. आवाज न चढवता, माझे फोटो एकामागून एक दाखवत.

ते लाखो लोकांनी बघितलं म्हणे. आणि मग ते सुरू झालं. वीरधवल आणि त्याचे मित्र कट्ट्यावर वाचायचे, म्हणून मला कळायचं. पाण्याबद्दल कुणी काही लिहीतच नव्हतं. तिच्या रंगाबद्दल लिहीत होते. तिच्या अंगाला मेंढराचा वास येत असेल असं लिहीत होते. तिचा चेहरा काढून भलत्याच चित्रांना लावत होते. एकाने लिहिलं की दुसऱ्या दिवशी तेच शंभर जण लिहायचे, शब्दही तेच. ना नाव, ना गाव. तात्या एकदा म्हणाले, "ह्यातलं एकबी अक्षर वळखू येत न्हाई रं." मला कोळशाने लिहिणारा तो माणूस आठवला. त्याच्या खांद्यावर निदान टॉवेल होता.

अंकिताने तक्रार दिली. ती अजून चालू आहे असं म्हणतात. तात्यांनी तिला फोनवर सांगितलं, "पोरी, थांबायचं तर थांब." ती म्हणाली, "तात्या, फुली खोटी हाय का आपली?" तात्या नाही म्हणाले. "मग?" ती म्हणाली.

आता मी त्या सकाळबद्दल सांगतो. हे सांगायला मला आवडत नाही. पण ते सोडून बाकीचं सांगणं म्हणजे मधलं मधलं पुसण्यासारखं होईल.

चैत्र संपत आला होता. आठला तात्या हात धुऊन आले. त्यांचा फोन वाजत राहिला. गावाच्या ग्रुपवर अंकिताचा फोटो आला होता. भोवती फुलांची नक्षी, खाली समई, आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली लोकांनी हात जोडले होते. एकामागून एक, चाळीस जणांनी. तात्या कट्ट्यावर बसले. त्यांनी अंकिताला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. बंद. नंतर कळलं की येणाऱ्या घाणीला कंटाळून तिने दोन दिवस फोन बंद करून ठेवला होता.

तात्या उठले आणि बनुबाईच्या घराकडे चालायला लागले. वळणापर्यंत गेलेले मला दिसत होते. तिथे ते थांबले. तिथून बनुबाईचं अंगण दिसतं. ती अंगण झाडत होती. तिला काही माहीत नव्हतं. तात्या बराच वेळ तिथे उभे राहिले आणि मग परत फिरले.

मित्रांनो, मी त्यांना दोष देत नाही. त्यांना वाटलं, ही बाई घरात एकटी आहे. नवरा मेंढरांमागे कुठल्या रानात असेल कोण जाणे. हिला आपण एकट्याने कसं सांगायचं? आधी गावाला कळू दे. बायका जमू देत. त्या तिच्याजवळ जाऊन बसतील, मग सांगू. म्हणून त्यांनी खडू उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दाराशी न जाता चौकट काढली. त्यांनी खडू फार दाबून धरला होता. चार रेघा आणि आत नाव. अंकिता.

मला ते थांबवता आलं असतं का, याचा मी खूप विचार केला आहे. माझी एखादी फळी निखळली असती, मी खिळ्यावरून खाली पडलो असतो, तर. पण मी पडलो नाही. मी नेहमीसारखा नीट उभा राहिलो आणि ते नाव सगळ्यांना दाखवलं.

एक एक करत माणसं जमली. मग बनुबाई रिकामी घागर घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने लांबूनच चौकट बघितली आणि घागर खाली ठेवली.

"आवं तात्या, कोण गेलं वो?"

ती बायकांकडे वळली.

"कोण गेलं गं? सांगशीला का न्हाई?"

एका बाईने पुढे होऊन तिचा हात धरला. तेवढ्यानेच तिला कळलं. ती माझ्याजवळ आली, अगदी जवळ, आणि नावावर बोट ठेवलं. "ह्ये तिचं नाव हाय?" तिने विचारलं. कुणी नाही म्हणालं नाही. ती माझ्याखाली कट्ट्याला टेकून बसली. रडली नाही. फक्त माझ्याकडे, त्या चार रेघांच्या आत बघत राहिली. इतका वेळ माझ्याकडे कुणीच कधी बघितलं नव्हतं.

निमिष सर शाळेतून धावत आले. एवढ्या वर्षांत ते गावातच राहिले होते. त्यांनी कुठून तरी वसतिगृहाच्या बाईंचा नंबर मिळवला होता. फोन बनुबाईच्या कानाला लावला.

"आई, मी हाय. आगं, मी नाश्त्याला बसलीय."

बनुबाईने फोन कानाला आणखी दाबला.

"आई? ऐकू येतंय न्हवं?"

"काय खातीस?" बनुबाईने विचारलं.

"उप्पीट."

"मीठ बराबर हाय का?"

"कमी हाय जरा."

तेव्हा बनुबाई रडली.

त्यानंतर तात्या वीरधवलकडे वळले. तो कडेला उभा होता.

"कुणी लिवलं हे?"

"कुणी न्हाई तात्या. आलं ते. दुसऱ्या ग्रुपवरनं आलं, मी पुढं टाकलं."

"ती जित्ती हाय ठावं हुतं का तुला?"

तो खाली बघू लागला. मग म्हणाला, "गंमत असती ओ ती. मोठमोठ्या नटांचंबी असलं टाकत्यात लोक. तुमी एकदम फळ्यावर लिवशीला असं कुणाला वाटणार?"

तात्या त्याला रागावले नाहीत. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "तू टाकलंस, त्याला तुझं बोटसुदिक पांढरं झालं न्हाई. लिवलं मी हाय." आणि त्यांनी आपला टॉवेल काढून मला पुसायला सुरुवात केली. सगळं गाव उभं होतं. वीरधवलही होता. तो टॉवेल मागायला पुढे झाला, पण तात्यांनी दिला नाही. लिहिणाऱ्याने पुसायचं.

पण खडू फार दाबून लिहिलेला होता. माझा रंग जुना, लाकूड मऊ झालेलं. पुसूनही उन्हाची तिरीप आली की चौकट दिसायची आणि आत नाव.

त्यानंतर तात्यांनी माझ्यावर लिहिलं नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "माझा हात इस्वासाचा ऱ्हायला न्हाई." माझ्या जागी लाल अक्षरं सरकत जाणारी पाटी लागली. तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. टँकरचं काही येत नाही. अंकिताने पान बंद केलं. ज्यांनी तिला घाण लिहिलं होतं ते लोक दोन दिवसांत दुसऱ्या कुणाच्या मागे लागले असतील. त्यांना ती आठवतही नसेल. वीरधवलने ग्रुप दुसऱ्याला चालवायला दिला आणि ट्रकवर गेला. आणि मी इथे आलो.

तात्या मधूनमधून या खोलीत यायचे. जुनी वर्तमानपत्रं चाळत बसायचे. माझ्याकडे बघत नसत. मीही त्यांच्याकडे बघितलं नसतं, पण फळ्याला मान वळवता येत नाही. आम्ही दोघं एका खोलीत असूनही एकमेकांशी बोलत नव्हतो, असे किती दिवस गेले ते मी मोजलेले नाहीत. माझ्यावर आता तारीख नसते.

मग गेल्या महिन्यात, एका दुपारी, दार उघडलं. अंकिता होती. शिक्षण संपवून परत आली होती. मागे बनुबाई आणि तिच्यामागे उंबऱ्यावर तात्या. अंकिताने माझ्यावरची धूळ झटकली, कोपऱ्यांपर्यंत, पूर्वीसारखी. खिडकीतून ऊन माझ्यावर पडलं होतं.

"कुठं हुतं ते?" तिने विचारलं. तिने ते बघितलंच नव्हतं. बाकी सगळ्या गावाने बघितलं होतं.

बनुबाईने पुढे होऊन बोट ठेवलं. "हितनं हितपातुर."

"तुला वाचता येतं ते?"

"येवढं एकच येतं," बनुबाई म्हणाली. "त्या दिशी बघितलं ते डोळ्यात बसलं. तुझ्या परीक्षेच्या कागदावर दिसलं, एसटीच्या पासावर दिसलं. कुठंबी तुझं नाव दिसलं की आधी भवतीनं चौकट हाय का बघती मी."

अंकिताने पिशवीतून खडू काढला. मला वाटलं ती लिहील. तिने तो आईच्या हातात दिला.

"मला न्हाई जमायचं गं."

"जमतंय. हाय त्याच्यावरनंच गिरव."

बनुबाईने खडू काडीसारखा धरला. पहिल्याच रेघेला तो मोडला.

"हळू," उंबऱ्यावरून तात्या म्हणाले. दोन वर्षांनी ते माझ्याकडे बघत होते. "लय दाबू नगंस बनू."

तिने लिहिलं. जुन्या खुणेवरून, एक एक अक्षर करत, जीभ दातांत धरून. अक्षरं वाकडी झाली, शेवटचं खाली घसरलं. पण माझ्यावर इतक्या वर्षांत जे काही लिहिलं गेलं त्यात याच्याइतकं जड मला काही वाटलं नाही आणि याच्याइतकं हलकंही नाही. लिहून झाल्यावर ती दोन पावलं मागे सरली आणि नावाच्या चारी बाजूंनी बघून घेतलं.

"भवतीनं काय न्हाई आता," ती म्हणाली.

अंकिताने तात्यांना विचारलं, "आज टँकर आला हुता?"

"न्हाई. सकाळी घराघरातली पिंपं बघून आलोय मी. चार दिस झालं." मग ते म्हणाले, "लिव तू."

तिने नावाच्या बाजूला चार फुल्या काढल्या. मग फोन काढून माझ्यासमोर धरला आणि आईला आणि तात्यांना म्हणाली, "तुमीबी उभं ऱ्हावा दोघं. तोंडं दिसली पायजेत." ती तिघं गेल्यावर दाराला कडी लागली. तो फोटो पुढे कुठे गेला, त्याखाली लोकांनी काय लिहिलं, मला माहीत नाही. कट्ट्यावरचं इथवर ऐकू येत नाही. मला धास्ती वाटते, हे कबूल करतो.

मित्रांनो, मी शहाणा नाही. मी एका मोडलेल्या पेटीचा फळा आहे आणि माझ्या हातून एकदा फार मोठी चूक झाली आहे. म्हणून उपदेश करायचा मला हक्क आहे असं मी समजत नाही. फक्त एक मागणं आहे. तुमच्या हातात आता माझ्यापेक्षा फार मोठे फळे आहेत. त्यांना खडू लागत नाही आणि बोटं पांढरी होत नाहीत. कुणाचं नाव त्यांच्यावर लिहाल, किंवा दुसऱ्याने लिहिलेलं पुढे सरकवाल, त्याआधी एकदा त्या माणसाच्या दारापर्यंत जाऊन या. दार लांब असेल तर हाक मारा. हाकेला उत्तर आलं नाही तर थांबा. पान उद्याही तिथेच असेल. आणि चुकून काही वावगं लिहिलं गेलंच, तर आपल्या हाताने, आपल्या कापडाने पुसा.

माझ्या पाठीवर तात्यांचं नाव आहे आणि पुढे अंकिताचं. ते कुणी पुसलेलं नाही. सकाळी पाण्याला जाताना बनुबाई खिडकीशी थांबते. आत येत नाही. चौकट नाही एवढं बघते आणि घागर उचलून पुढे जाते.